सातव्या चौकटीतलं नवं

गुरुदासने तिसऱ्यांदा लोंब्या मोजल्या आणि तिसऱ्यांदाही त्या दोनशे चौदाच भरल्या.

परवा संध्याकाळी दोनशे एकोणीस होत्या. वहीत तसं लिहिलेलं होतं, चौकट नंबर सात, २१९. खरं तर लोंब्या मोजायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. भात केंद्राच्या मोघे साहेबांनी फक्त 'लक्ष ठेवा' म्हटलं होतं. पण लक्ष ठेवायचं म्हणजे मोजायचं, अशी गुरुदासची आपली समजूत. त्याची बायको सुगंधा म्हणायची की ह्यांना देवळात पाठवलं तर देवाला नमस्कार करायच्या आधी पायऱ्या मोजतील.

तो गुडघ्यांवर बसला आणि भाताच्या चुडातून हात घालून बघू लागला. उंदराने कुरतडलेलं लगेच ओळखू येतं. पोपट तर खातो थोडं आणि सांडतो जास्त. इथे खाली एक दाणा पडलेला नव्हता, आणि पाच काड्या विळ्याने छाटाव्यात तशा तिरक्या कापलेल्या होत्या. पाचही वेगवेगळ्या चुडांतल्या.

मेरेवर, शेताच्या बांधावर, नर्मदा पाखरं हाकायला पत्र्याचा डबा बडवत उभी होती. ती केंद्रावर रोजाने येत असे.

"नर्मदे, सातातल्यो लोंब्यो कोणी कापल्यान?"

"माका काय विचारतंस? आज नव्याची पुनव. माज्या घराक माज्या कुणग्यातला नवां. तुज्या सायबाच्या चौकटीतला घेवन मी काय करू?"

"मग हंय कोण इललो?"

"तुजो बापूस इललो मा सकाळी! काठी टेकत मेरेवरसून इलो, थंय वाकलो, हात जोडल्यान नि गेलो. माका वाटला, तुका म्हायत आसा."

नर्मदेने पुन्हा डबा बडवायला घेतला. गुरुदास मात्र उठलाच नाही. आता त्याला चौकटीच्या कोपऱ्यात, लोखंडी पट्टीच्या आतल्या अंगाला, कुरडूचं एक फूल आणि चिमूटभर तांदूळ दिसले. त्याने सवयीप्रमाणे खिशातून कागदाची पुडी काढली आणि फूल आणि तांदूळ वेचून तिच्यात भरले. बाहेरचं काहीही आत राहता कामा नये, असा नियम होता.

ही गोष्ट १९६४ सालची. वेंगुर्ल्याहून मालवणकडे जाताना खाडीच्या कडेला सरकारचं एक लहानसं भात केंद्र होतं आणि गुरुदास तिथे फिल्डमन होता. केंद्राची जमीन सात वर्षांपूर्वी सरकारने गावाकडून घेतली, तेव्हा तिच्यात गुरुदासच्या वडिलांचा, अप्पांचा, कुणगाही गेला. आयुष्यभर कसलेला भाताचा तो एकच तुकडा. सरकारने रीतसर भरपाई दिली, मुलाला नोकरी दिली. अप्पांनी कधी तक्रार केली नाही. फक्त दर वर्षी आश्विनात, नव्याच्या पुनवेला, ते सकाळी उठून त्या कुणग्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात जात. तिथे जांभ्याचा एक दगड होता, तो शेताचा राखणदार. त्याला हात जोडायचे, पाच लोंब्या मागून घ्यायच्या, एक खिरीला ठेवून बाकीच्या आंब्याची पानं, कुरडू आणि नाचणीच्या कणसांबरोबर सुतळीत बांधायच्या आणि घराच्या दारावर लटकवायच्या. तेच वर्षाचं नवं. ते पुढच्या नव्यापर्यंत उतरवत नाहीत. आतापर्यंतच्या साहेबांनी पाच लोंब्यांसाठी कधी डोळा वर केला नव्हता.

पण ह्या वर्षी मृगात मुंबईहून एक लाकडी पेटी आली होती. आत लाकडाच्या भुशात बसवलेल्या बाटल्या, आणि बाटल्यांत पांढरं खत. गुरुदासने बूच काढून वास घेतला. गोदामात ज्याच्या गोणी पडल्या होत्या तेच अमोनियम सल्फेट! रंग तोच, वास तोच.

"दिसायला तेच," मोघे साहेब म्हणाले होते. हे पुण्याकडचे, वयाने तिशीच्या आतले, बोलायला तुटक पण मनाने सरळ. "पण ह्यातलं नत्र जड आहे. साधं नत्र चौदा वजनाचं, हे पंधरा. भाताला फरक कळत नाही, दोन्ही सारखंच खातं. मात्र कापणीनंतर दाणा आणि पेंढा दळून मुंबईला पाठवला, की तिथलं यंत्र सांगतं, ह्या झाडातलं किती नत्र आपल्या खतातून आलं आणि किती आधीपासून जमिनीत होतं. आपण टाकलेल्या खतातलं भाताच्या पोटात नक्की किती जातं, हे अजून आपल्याकडे कुणी नीट मोजलेलं नाही, गुरुदास. ही बाटली परदेशातून येते. सांडलीत तर दुसरी नाही."

सगळ्यांत सपाट, सगळीकडे सारख्या मातीची जागा म्हणून साहेबांनी नेमका तोच पूर्वेचा कोपरा निवडला. हातभर रुंद लोखंडी पट्ट्यांच्या बारा चौकटी तिथे मातीत ठोकल्या, वर चार बोटं राहतील अशा; सातवी राखणदाराच्या दगडाला लागूनच. गुरुदासने लावणी स्वतः केली. खत पाण्यात विरघळवून एकेका चुडाच्या मुळाशी वाटीने घातलं. चौकटीत गळलेलं सुकं पानसुद्धा त्याने नंबर टाकून पुडीत ठेवलं. साहेब गमतीने म्हणत, "तुम्ही भाताचे वडील की मी, तेच कळत नाही."

एवढं सगळं त्याने केलं. घरी अप्पांना मात्र त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत पावसाळा गेला. राखणदाराच्या कोपऱ्यात लोखंड ठोकलं आणि ते मी स्वतः ठोकलं, हे म्हाताऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

दुपारी तो घरी गेला. दारावर नवं लटकत होतं. आंब्याची हिरवी पानं, लाल-पांढरा कुरडू, नाचणी, आणि मधोमध लोंब्या. त्याने मोजल्या. चार.

अप्पा पडवीत पाटावर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऊन आणि सावली एवढंच कळायचं. उजव्या पायाच्या अंगठ्याला हळद लावलेली होती.

"इलंस?" अप्पा म्हणाले. "तुज्या केंद्रात कोणीतरी मेरेकडे लोखंड टाकून ठेवलेला हा. माजो पाय कापलो. सायबाक सांग, माणसां चलतत थंयसून."

"सांगतंय," गुरुदास म्हणाला.

सुगंधाने त्याच्यापुढे खिरीची वाटी ठेवली. पाचव्या लोंबीचे दाणे सोलून, कांडून तिने खिरीत घातले होते. अप्पांनी खाल्ली होती, तिने खाल्ली होती, आणि ही त्याच्या वाटणीची. नवं घरातल्या प्रत्येकाच्या पोटात गेलं पाहिजे. अप्पा मान कलती करून त्याच्या खाण्याचा आवाज ऐकत होते. गुरुदासने खीर खाल्ली. ती गोड होती, आणि ती गिळताना त्याला जितका त्रास झाला तितका कडू काढा पितानाही कधी झाला नसेल.

मागल्या दारी त्याने सुगंधाला सगळं सांगितलं. ती प्रथम घाबरली ती वेगळ्याच गोष्टीला.

"अवो, ता खत विषारी नाय मा? मी मामांक वाटीभर दिलंय!"

"विषारी नाय. सायब म्हणता, आपण श्वास घेतो त्या हवेतय ता थोडा आसता."

मग तिचा जीव भांड्यात पडला आणि डोकं चालू लागलं. "मग एवढा काय? मेरेकडच्यो साध्यो चार लोंब्यो हाडा नि दारावरच्यो बदला. मामांक खंय दिसता?"

हा एक रस्ता. दुसरा गुरुदासला वाटेतच सुचला होता: दारावरचं दारावर राहू दे आणि साध्या पाच लोंब्या सातव्या चौकटीच्या पिशवीत टाक. साहेब काही लोंब्या मोजत नव्हते. म्हणजे बापाला फसवायचं किंवा साहेबाला. दोन्हींपैकी काहीही केलं तरी पकडणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर केंद्रात चोरी झाली असं कळलं तर नोकरी जाण्याची भीतीही होतीच. फिल्डमनच्या बापाने प्रयोगातलं पीक कापलं, हे ऐकायला काही बरं नव्हतं.

बरं, नुसत्या नोकरीचं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याला त्या बारा चौकटींचा लळा लागला होता.

चार वाजता तो चार साध्या लोंब्या सदऱ्याच्या खिशात घालून परत आला. अप्पा पडवीत डुलक्या घेत होते. गुरुदास चपला काढून दारात उभा राहिला आणि त्याने नव्याला हात घातला. आंब्याचं पान खसखसलं.

"गुरुदास," अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "काय शोधतंस?"

त्याचा हात वरच राहिला. मग तो खाली बसला, अप्पांच्या पायांशी, आणि त्याने सगळं सांगितलं. पेटी, बाटल्या, चौकटी, लोखंड कुणी ठोकलं, खिशात काय आहे, सगळं. सांगताना त्याचा आवाज चाळिशीच्या माणसाचा राहिला नव्हता.

अप्पा अंगठ्यावरच्या हळदीवरून बोट फिरवत राहिले.

"सात वर्सां मी थंय जातंय," ते शेवटी म्हणाले. "जमीन गेली तेवा मी काय बोललंय? काय नाय. माका लोखंडाचा काय नाय रे. पण एक शब्द सांगूक तुका जड झालो? माका आंधळो समजतंस ता समज. माका परको समाजलंस."

"चुकलंय, अप्पा."

"चुकलंस खरो." मग थोड्या वेळाने, "तुज्या सायबाक नक्की काय व्हया?"

गुरुदासने नाक पुसलं. "आपली गुरां सड्यार चरूक सोडतो मा? गावच्या सगळ्या गुरांत आपला वासरू खंय गेला, कसा कळात? म्हणून गळ्यात घंटी बांधतो. तसा ह्या खताक घंटी बांधलेली आसा. कुणग्यात घातला त्यातला भातान किती खाल्ल्यान, मातीत किती रवला, पाण्यावांगडा किती गेला, ता सायबाक बघूचा आसा. म्हणून एकय दाणो हरवान चलना नाय."

अप्पांनी डोळे उघडले. बघायचं काही नव्हतं, तरी ते अंगणाकडे बघू लागले.

"गुरुदासा," ते म्हणाले, आणि आवाज एकदम हलका झाला होता, "माजोय तोच सवाल होतो रे. जन्मभर शेण घातलंय, राख घातलंय, समुद्रावरची सुक्या माशांची कुटी डोक्यार घेवन इलंय. तुजी आवस म्हणायची, इतक्या घालतास ता जाता खंय? मी म्हणायचंय, देवाक म्हायत. आता ता यंत्र सांगतला?"

"सांगतला."

"अर्धा तरी येत आसात मा भातात?"

"कागद येतलो तेवा कळतला."

अप्पा काठी टेकून उठले. सुगंधा आतून धावत आली. ते दाराशी गेले, हात वर केला आणि नवं चाचपलं. वर्षाच्या मध्ये नवं उतरवायची रीत नाही, आणि पहिल्याच दिवशी तर कुणी ऐकलेलीही नसेल. त्यांनी तोंड पूर्वेकडे, केंद्राकडे केलं, हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तशा स्वरात म्हणाले:

"बा राखणदारा म्हाराजा! आज तुज्याकडसून नवां मागान हाडलंय, ता परत करतंय. ह्यात लेकराची चूक आसात तर ती पदरात घे. जा काय हे लोक शोधतत, ता तेंका गावांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गुरुदास आणि सुगंधा म्हणाले. गुरुदासला रडू आवरलं नाही आणि त्याने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

अप्पांनी गाठ सोडली नाही. एकेक लोंबी काडीला धरून हलकेच ओढून काढली, दाणा न सांडता, आणि मुलाच्या हातावर ठेवली. चारही.

"खिशातल्यो बांधूया काय, मामांनू?" सुगंधाने विचारलं. "दार ओसाड दिसता."

"नको गो. एका वर्साक दोन नवां नसतत. पानां आसत, पुरे."

मोघे साहेब आधी भडकले. टेबलावरची चार लोंब्यांची पुरचुंडी बघून त्यांनी पेन उघडलं आणि वहीत सातव्या नंबरापुढे 'रद्द' लिहायला घेतलं. "चार महिने, गुरुदास! चार महिने आपण पानं वेचतोय!"

"होय साहेब," गुरुदास म्हणाला. साहेबांसमोर तो नेहमी शुद्ध मराठीत बोलत असे. "काढून टाका. मलाही कामावरून काढलंत तर माझं म्हणणं नाही. पाचवी लोंबी आम्ही खाल्ली. तिघांनी."

साहेबांचं पेन थांबलं. "तुम्ही बाहेरच्या पाच लोंब्या ह्यात टाकल्या असत्या तर मला कळलं असतं?"

"तुम्हाला नसतं कळलं, साहेब. यंत्राला कळलं असतं. तुम्हीच सांगितलंत."

साहेबांनी चार लोंब्या तराजूत घातल्या, वजन घेतलं, चारने भागलं, आणि 'र' ह्या अक्षरावर काट मारून बाजूला लिहिलं: 'चौकट ७. एक लोंबी कमी, सरासरी वजन धरावे. लोंबी फिल्डमनच्या घरी नव्यासाठी गेली.' खाली सही केली. "तुमच्या वडिलांच्या पायाला फार लागलंय का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टिंक्चर आयोडिनची बाटली काढून दिली.

कापणी झाली. दाणा, पेंढा, मुळं, माती, सगळं वाळवून, दळून, चिठ्ठ्या लावून मुंबईला गेलं. नव्याच्या जागी दारावर सुतळी आणि पानं तेवढी राहिली, तीही सुकून तपकिरी झाली. अप्पांची सवय काही गेली नाही. घराबाहेर पडताना त्यांचा हात वर जायचा, सुतळीला लागायचा आणि खाली यायचा. दर शनिवारी गुरुदास केंद्रावरून आला की ते विचारायचे, "कागद इलो?"

"नाय, अप्पा. मुंबयत एकच यंत्र आसा. सगळ्या देशाचो भात थंय जाता."

"येवंदे. माका घाई नाय."

माघात त्यांना ताप आला. सहा दिवसांचा ताप. पाचव्या दिवशी शुद्ध येत-जात होती, तेव्हाही त्यांनी विचारलं. सुगंधा नवऱ्याच्या कानात म्हणाली, "सांगा हो, अर्धा इला म्हणान. म्हाताऱ्याक बरा वाटात." गुरुदासने अप्पांचा हात हातात घेतला आणि तो म्हणाला, "आजून इलो नाय, अप्पा. इलो की पयलो तुमका सांगतंय." अप्पांनी मान हलवली. बहुतेक त्यांना तेच उत्तर हवं होतं. सहाव्या दिवशी ते गेले.

कागद आला वैशाखात.

साहेबांनी गुरुदासला समोर बसवलं, खुर्चीवर, पहिल्यांदाच. "घातलेल्या शंभर भागांपैकी," ते कागदावर बोट ठेवून म्हणाले, "दाणा आणि पेंढा मिळून भाताने घेतले बत्तीस. मातीत राहिले सव्वीस. उरलेले बेचाळीस..." त्यांनी खांदे उडवले. "पाण्यातून गेले असतील, हवेत गेले असतील. ते कुठे गेले हे कुणालाच माहीत नाही. शोधावं लागेल."

गुरुदास कागदाकडे बघत राहिला. सातव्या चौकटीच्या ओळीत एक बारीक फुली होती, आणि खाली इंग्रजीत टीप.

"साहेब," तो म्हणाला. पुढचं त्याला शुद्ध मराठीत काही केल्या सांगता येईना. "एका लोंबीचा माका म्हायत आसा. थोडा सुगंधाकडे आसा, थोडा माज्याकडे. आनी थोडा आमी माघात खाडीत सोडून इलंव."

साहेबांना मालवणी नीट येत नसे. पण त्यांनी काय म्हणालात म्हणून विचारलं नाही. कागद घडी घालून खणात ठेवायच्या ऐवजी त्यांनी त्याची नक्कल स्वतःच्या हाताने उतरवून गुरुदासला दिली.

दुसऱ्या वर्षी मृगात पुन्हा पेटी आली. साहेबांनी चौकटींचा नवा नकाशा केला. त्यात राखणदाराच्या दगडाभोवतीची हातभर जागा मोकळी सोडलेली होती आणि तिथे लिहिलं होतं: 'इथे साधे भात लावावे.' गुरुदासने ते लावलं.

नव्याच्या पुनवेला सकाळी सुगंधा आणि तो तिथे गेले. त्याने दगडापुढे नारळ ठेवला, खिशातून नक्कल काढली, उघडली, आणि हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! आमच्या अप्पान एक विचारलेला. कागद इलो. अर्धा येना नाय. शंभरातला बत्तीस येता. उरलेल्याचो शोध चलता. अप्पा तुज्याकडे आसात तर तेका सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," सुगंधा म्हणाली.

त्याने पाच चुडांतल्या पाच लोंब्या कापल्या. घरी सुगंधाने नवी सुतळी काढून ठेवली होती. गुरुदासने ती घेतली नाही. दारावरच्या जुन्या सुतळीतली सुकी पानं तेवढी काढली. अप्पांची गाठ अजून घट्ट होती. ती न सोडता, एकेक काडी हलकेच आत सरकवत, त्याने चार लोंब्या तिच्यात बसवल्या आणि पाचवी खिरीसाठी बायकोच्या हातात दिली.